हं म्हणणारं माणूस

सिंधुबाईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीची परीक्षक तीच. युसूफ वडगाव या खेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत स्वयंपाक आटोपला की चैताली आईसमोर बसायची आणि दोन मिनिटं सलग इंग्रजी झाडायची. सिंधुबाई ज्वारी निवडता निवडता वाक्यावाक्याला "हं" म्हणायची. आपल्याकडं बोलणाऱ्याला हुंकार द्यावाच लागतो. नाही दिला तर माणूस बोलणंच सोडून देतो, आणि बरोबरच आहे की! भिंतीशी कोण बोलतं?

चैताली केजच्या एका दवाखान्यात नर्स होती. आयर्लंडमधल्या रुग्णालयानं तिला निवडलं होतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत हवे तेवढे गुण पडले की झालं. पोरीनं त्यासाठी जिवाचं रान केलं.

तोंडी परीक्षेत दोन मिनिटं बोलायला विषय आला, तुम्हाला मदत करणाऱ्या माणसाबद्दल बोला. आता आईबद्दल बोलायला काय लागतंय! चैतालीनं झकास सुरुवात केली. समोरचा साहेब मात्र नुसता बघत राहिला. हं नाही की चूं नाही. आपलं काहीतरी चुकलं, साहेब कंटाळला, असं तिला वाटलं आणि ती चक्क थांबली. साहेबानं विचारलं, आणखी काही सांगायचंय? आपल्यात असं विचारलं की माणूस आवरतं घेतो. "नो सर," म्हणून तीही गप्प झाली. अगं वेडे, तो तुला बोल म्हणत होता!

बोलण्यात अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, कमी पडला. मुदत संपली, जागा दुसरीला गेली. चैतालीचं अन्नावरून मन उडालं.

परीक्षक त्या वेळी गप्पच बसतो, हे नंतर लावलेल्या इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी तिला सांगितलं. पुढची भरती वर्षानं होती. तिनं आईला विनवलं, "आई, आता हं म्हणू नको."

सिंधुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्यामुळंच गेलं का गं तुजं?"

"तसं न्हाई, आई."

सिंधुबाई तोंडाला पदर लावून बसली. चैतालीनं चार वाक्यं म्हटली आणि सवयीनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"तिकडं गेल्यावर बी कुणी हं म्हणायचं न्हाई का?" सिंधुबाईनं विचारलं.

"फोनवर तू म्हणशील की."

"आन् मी गेल्यावर?"

चैतालीला रडू आवरेना. सिंधुबाईनं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "बोल, माय. मी गप बसते."