सुनेचं ऐकू येत नाही

अहमदपूरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत वीरण्णांचं किराणा दुकान आहे. त्याच्या गल्ल्यावर नीलम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून बसत आलेली. वीरण्णा माल आणायचे, पोती उतरवून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम बायकोवर सोडायचे, कारण त्यांना बोलायचाच कंटाळा. नीलम्मा मात्र बोलकी. कपाळाला विभूती लावून एकदा बसली की गल्लीतल्या प्रत्येकीला आज काय शिजवलं हे विचारल्याशिवाय सामान द्यायची नाही.

साठी ओलांडली तसं तिच्याभोवतीचं बोलणं विरळ होत गेलं. आधी तिला वाटलं, हल्ली लोकच हळू बोलतात. मग एका एकादशीला साबुदाणा मागणाऱ्या बाईला तिनं साबण बांधून दिला. बाई हसली, गल्ली हसली, आणि संध्याकाळी मुलगा अमरेश म्हणाला, "अव्वा, लई बसलीस गल्ल्यावर. आता आराम कर." हे त्यानं मोठ्यानं सांगितलं म्हणून तिला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर अमरेश बसला.

घरात तर आणखी पंचाईत. सून मंजुश्री निलंग्याकडची, हळू बोलणारी. ती चुलीपाशी उभी राहून काही विचारायची आणि नीलम्मा पाठमोरी असली की प्रश्न तसाच हवेत राहायचा. मंजुश्री एकदोनदा विचारायची, मग ओठ मिटून घ्यायची. पुढं पुढं ती विचारीनाशीच झाली. ताट वाढून समोर ठेवायची आणि निघून जायची. नीलम्माला वाटायचं, सुनेनं अबोला धरलाय. सुनेला काय वाटतं ते कळायला मार्ग नव्हता.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. वीरण्णा तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारत काहीतरी म्हणाले. ते 'वय झालं' असावं.

लातूरहून निघणाऱ्या एका पेपरात दर रविवारी 'मावशीला विचारा' असं सदर यायचं. कुणी विचारायचं, नवरा घोरतो, काय करू. मावशी सांगायची, तंबोरा घेऊन साथ करा. नीलम्मा ते आवडीनं वाचायची. वाचायला कान लागत नाहीत. तिला वाटलं, एवढी हसरी बाई, चार गावांची दुःखं हिच्या टेबलावर येत असतील, हिला माहीत असणार. तिनं कार्ड लिहिलं: 'सून बोलते ते मला ऐकू येत नाही. मुलाला सांगितलं तर हसतो, मालक म्हणतात वयाचं आहे. मी काय करावं?'

रविवारी उत्तर छापून आलं, वर ठळक अक्षरात 'नीलम्मा, अहमदपूर'.

'नीलम्माताई, सुनेचं ऐकू न येणाऱ्या सासवा मोजायला बसलं तर जनगणना लांबणीवर पडेल. देवानं कान दोन दिलेत ते उगाच नव्हे. सुनेचं बोलणं एका कानानं आत घ्या, दुसऱ्यानं बाहेर सोडा. तिच्या चुकांकडे कानाडोळा करा आणि शुक्रवारी तिच्या आवडीची भाजी करून वाढा. बघा, कसं गोड ऐकू येतं ते.'

दुपारपर्यंत पेपर गल्लीभर फिरला. मंजुश्री तो हातात घेऊन सासूसमोर उभी राहिली, आणि या वेळी तिचा आवाज पोचण्याइतका चढला होता.

"आत्याबाई, मी असं काय केलं, पेपरात द्यायला?"

"अगं, तुझ्याबद्दल कुठं लिहिलं मी? माझ्या कानाबद्दल लिहिलं."

"कान कुठं हाय ह्यात? सून हाय. माहेरचे वाचतील तर काय म्हणतील?"

नीलम्मानं पुन्हा वाचलं. कान होते, पण एक आत घ्यायला आणि एक बाहेर सोडायला. ऐकू न येणारा कान त्यात कुठं नव्हता.

तिनं दुसरं कार्ड लिहिलं, जास्त सरळ. 'माझं सुनेशी भांडण नाही. सून गुणाची आहे. माझे कान बंद झाले आहेत. उपाय सांगावा.'

उत्तर आलं: 'शाब्बास नीलम्माताई. पहिल्याच सल्ल्यात कान बंद केलेत, असा गुणी वाचक मावशीला दुसरा मिळाला नाही. आता जरा तोंडही बंद ठेवून बघा, घराचा स्वर्ग होईल.'

नीलम्मानं पेपरची घडी घातली. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि त्या रागानं तिला बरंच वाटलं. सोमवारी सकाळी तिनं पूजा उरकली, फडक्यात भाकरी बांधली आणि दुकानात येऊन नवऱ्याला म्हणाली, "मी लातूरला चालले."

वीरण्णा काहीतरी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाई," असं म्हणून ती स्टँडकडे निघाली.

पेपरचं ऑफिस एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढून तिनं दारातच विचारलं, "मावशी कुठंय?" सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं चाळिशीचा, जाड मिशांचा एक गृहस्थ बाजारभाव टाइप करत बसला होता. सुदर्शन त्याचं नाव. तो उठून म्हणाला, "मीच मावशी." नीलम्माला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला. अखेर तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या खोलीतून एकजण डोकावून गेला.

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मी नीलम्मा. अहमदपूरची."

सुदर्शनला वाटलं, बाई भांडायला आली. तो मान खाली घालून भराभरा काहीतरी सांगू लागला.

"खाली बघून बोलू नको," नीलम्मा म्हणाली. "माझ्याकडं बघून बोल, सावकाश. ओठ दिसू दे."

तो थांबला. मग तिच्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"मग काय लिहिलं होतं मी?"

"मी सून एवढंच वाचलं," तो म्हणाला. "सासू-सून म्हटलं की लोक हसतात. लगेच लिहायला बसलो."

"हसवायला लिहितोस ते लिही. मी पण हसते. पण पुढचं वाचून मग लिहीत जा."

"येत्या रविवारी माफी छापतो, काकू."

"ती छाप, न्हाईतर नको छापू. मला कानाचा डॉक्टर कुठं बसतो ते सांग. मला ह्या गावातलं काही माहीत न्हाई."

सुदर्शन तिच्याबरोबर जिना उतरून खाली आला, रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला पत्ता समजावून दिला. त्या दोन उत्तरांपेक्षा हा सल्ला बरा होता.

डॉक्टरांनी कान तपासले. मग आरती नावाच्या मुलीनं तिला काचेच्या खोलीत बसवून कानात बारीकमोठे आवाज सोडले आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. नीलम्मानं बटण फार कमी वेळा दाबलं. आतली नस कमजोर झालीय, पण मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी मशीन बसवायला या," आरती तिच्या चेहऱ्यासमोर येऊन म्हणाली. "येताना घरातलं माणूस आणा. ज्याचं बोलणं ऐकायचंय ते."

घरी अमरेशनं सगळं ऐकून घेतलं. जरा ओशाळला. "मी येतो अव्वा," तो म्हणाला.

"तू गल्ला सांभाळ. मंजुश्री येईल."

मंजुश्री आली, पण बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. पेपरातली गोष्ट अजून तिच्या मनातून गेली नव्हती.

आरतीनं मशीन कानात बसवलं आणि नीलम्मा दचकली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, बाहेर कुणी खुर्ची ओढत होतं, आणि हात हलवला तर स्वतःच्याच बांगड्या अंगावर येत होत्या. काढून टाकावं असं तिला वाटलं. तिनं दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि तशीच बसून राहिली.

"आता ताई, तुम्ही ह्यांच्या मागं उभ्या राहा," आरती मंजुश्रीला म्हणाली. "घरी बोलता तेवढ्याच आवाजात बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

मागं पावलं वाजली. मग मंजुश्री बोलू लागली.

"चहात साखर बरोबर झाली का, असं मी रोज विचारायची आत्याबाई. तुम्ही मान पण वळवत नव्हता. मी माहेरी सांगितलं, सासूला माझं तोंड बघवत न्हाई. माझी अव्वा म्हणाली, सोस. मी सोसून राहिले."

नीलम्माला सगळं ऐकू आलं. शेवटचा शब्द तर लख्ख. मागं वळावंसं वाटलं, पण ती वळली नाही. वळली असती तर तोंड बघून कळलं असतं, आणि तिला कानानं कळायला हवं होतं.

"अजून बोल," ती म्हणाली.

"अजून काय बोलू? तुम्ही पेपराला सांगितलं, लातूरला येऊन सांगितलं. मला कधी बसवून सांगितलं न्हाई, ऐकू येत न्हाई म्हणून."

"मला वाटायचं तूच हळू बोलतेस."

"हळू बोलते हे खरं हाय," मंजुश्री म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता, तेही नीलम्माला ऐकू आलं.

आता ती वळली आणि सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं. परतीच्या बसमध्ये मंजुश्री अहमदपूरपर्यंत बोलत होती, आणि इंजिनाच्या घरघरीत अर्धंच कळत असूनही नीलम्मानं मशीन काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमरेश दुकानात आला तर आई गल्ल्यावर बसलेली. "अव्वा, जमेल का?" त्यानं विचारलं.

"न्हाई जमलं तर मी उठेन. तू उठवायचं न्हाई."

आतून येता येता वीरण्णा काहीतरी म्हणाले. नीलम्मानं कानातलं मशीन नीट केलं, तरी कळलं नाही. तिनं चहा घेऊन आलेल्या सुनेकडे पाहिलं.

"मामांचं मलाही कळत न्हाई," मंजुश्री म्हणाली.

रविवारी मावशीची माफी आली. 'नीलम्माताई स्वतः मावशीला भेटून गेल्या. मावशी चुकली. वाचकहो, सासू-सुनेनं एकमेकींचं ऐकलं पाहिजे हेच खरं.' मंजुश्रीनं ते मोठ्यानं वाचलं आणि चिडून म्हणाली, "ह्याला अजून कळलं न्हाई. मी लिहू का कार्ड?"

"लिही," नीलम्मा म्हणाली. "पण तेवढ्यावर बसून राहायचं न्हाई." तिनं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर 'ऐकू कमी येत असेल तर गल्ल्यावर विचारा' असं लिहून तो काट्याच्या वर टांगला. पेपरला कळेल तेव्हा कळेल.

आठवडाभर नुसते हसणारेच आले. मग समोरच्या घरातली गुरम्मा तेल घ्यायला आली आणि पुठ्ठ्याकडे बघत रेंगाळली. "आमचे मालक माझं काहीच ऐकत न्हाईत," ती म्हणाली. "भाजी आणा म्हटलं तर बसून राहतात."

"ऐकत न्हाईत का ऐकू येत न्हाई?"

गुरम्मानं तेलाची बाटली खाली ठेवली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. नीलम्मा गल्ल्यावरून उठली, तिच्याबरोबर समोर गेली. धोंडप्पा ओट्यावर पाठ करून पेपर वाचत होते. नीलम्मानं मागं उभं राहून त्यांना हाक मारली. पुन्हा जरा मोठ्यानं मारली. धोंडप्पांनी शांतपणे पान उलटलं.

गुरुवारी धोंडप्पांना बसमध्ये चढवायला दोघीजणी लागल्या. मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच हळू बोलता, असं ते स्टँडभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होते. "हाव, मी पण असंच म्हणत होते," नीलम्मा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली आणि लातूरची तिकिटं मागितली.