बाबांनी सोडलेलं स्टिअरिंग

मी एक जुनी हायब्रिड मोटार आहे, मित्रांनो. पोटात पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला मोठी बॅटरी. चढावर दोघं मिळून ओढतात. खरी कमाई मात्र उतारावर. चाकं फिरता फिरता बॅटरी भरत जाते. कारखान्यातून निघाले तेव्हा मला हे सगळं येत होतं. माझे मालक, म्हणजे बाबा, त्यांना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी उभा जन्म औषधांची जीप डोंगरातून हाकली होती. त्यांच्या लेकीने मला त्यांच्यासाठी विकत घेतलं, तेव्हा ते मला न्हाऊ घातलेल्या बाळासारखं पुसायचे. "गाडी आहे की मांजर? पावलांचा आवाजच नाही," म्हणायचे.

एकदा लेक शेजारी असताना त्यांनी लांब उतारावर मला न्यूट्रलमध्ये टाकलं.

"बाबा, गिअरमध्ये घ्या."

"अगं, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? जीप अशीच तर उतरायची."

पण न्यूट्रलमध्ये माझी बॅटरी भरत नाही आणि इंजिनही मला आवरत नाही. सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले, जळका वास आला. बाबांनी पाय दाबून धरला तरी मी सरकतच राहिले आणि कठड्याला घासून थांबले.

"घाटात आता तुम्ही नका चालवू," लेक एवढंच म्हणाली आणि नोकरीच्या गावी गेली.

त्या एका वाक्याने आम्ही दोघं शेडमध्ये जमा झालो. बाबा दुपारी येऊन माझ्यात नुसते बसायचे. फोनवर तिला सांगायचे, "हो, फिरवतो की." उभ्या उभ्या माझी बॅटरी उतरली. बोलणारं कोणी नसलं की पत्र्यावर पडलेलं पानसुद्धा मोठ्याने वाजतं.

सुट्टीत आलेल्या लेकीने ते पाहिलं. तिने मेकॅनिक बोलावला, बॅटरी चालू करून घेतली, ब्रेक नवे घातले. निघायच्या दिवशी ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"मी नको. तूच घे," बाबा म्हणाले.

"मग मला खाली स्टँडवर कोण सोडणार? उतार लागला की लिव्हर 'बी'वर घ्या. इंजिन धरून ठेवतं. ब्रेक अधूनमधून."

"बरं, मास्तरीणबाई."

उतार लागला. इंजिन घुमलं, मी आवरले, बॅटरीच्या रेघा चढू लागल्या. दर वळणाला बाबा तिच्याकडे बघत होते. अर्ध्या घाटात त्यांनी विचारलं, "बरोबर चाललंय ना गं?"

तिला झोप लागली होती.

मग पुढची वळणं त्यांनी अशी घेतली, की तिची मान हलू नये.

परतताना ती सीट रिकामी होती. मित्रांनो, आम्हाला झाकून ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी फिरवा. आणि जुन्या हातांना चूक जरूर दाखवा; पण दाखवून लगेच निघून जाऊ नका. थोडं शेजारी बसा.