अठाईचा सातवा दिवस

श्रेयांसनी जिनलला छातीवरून उचलून बाजूला ठेवलं. आमची दीड वर्षाची पोर रोज दुपारी तिथंच झोपते.

"काहून हो?"

"जड लागून राह्यली."

त्यांची अठाई चालू होती. आठ दिवस उपवास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. आज सातवा. काल सकाळी मंदिरातून येताना स्कूटी खड्ड्यात आदळली आणि हँडल छातीवर बसलं. रक्त नाही, रुपयाएवढा निळा डाग फक्त. सासूबाईंनी हळद लावली. "मुका मार आहे, उतरते दोन दिवसात." संध्याकाळपासून धाप लागत होती, चक्कर येत होती. सगळ्यांनी ते उपवासावर ढकललं. मीसुद्धा.

"परवा पारणं आहे, आता कायले भेते?" सासूबाई हसल्या. "याचे बाबा तं सातव्या दिवशी भिंत धरून चालत."

मी श्रेयांसची मान बघत होते. मागच्या वर्षीच्या अठाईत गळ्याची हाडं वर आली होती. आज शिरा तट्ट फुगलेल्या. नाडी बोटाखाली सापडेना. सापडली ती सुतासारखी, पळणारी.

"मम्मीजी, उपवासानं माणूस सुकते. यायच्या शिरा फुगून राह्यल्या."

"दवाखान्यात नेलं का अठाई मोडलीच समज!"

श्रेयांसनी माझा हात धरला. "कृतिका, तोंडात काही घालू देऊ नको."

मी हो म्हटलं आणि शेजारच्या देवमनदादांना हाक मारली. "दादा, गाडी काढा. वाशीमले."

तिथल्या डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली. "मारानं आत रक्त आलंय, हृदयाभोवती साचलंय. त्याला फुगायला जागाच नाही. आत्ता सुईनं काढतो, मग अकोल्याला न्या. कालच का नाही आणलं?"

मी सही केली. स्वतःचंच नाव दोनदा चुकलं.

सासूबाई दुसऱ्या गाडीनं पोचल्या तेव्हा दिवस बुडाला होता. चाळीस वर्षांत दिवस बुडाल्यावर त्यांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही, घरात कुणाला घेऊ दिलेला नाही. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात पाणी ओतलं.

"पाज त्याले. पाप मले लागू दे."

"मम्मीजी, डॉक्टरनं तोंडानं काहीच देऊ नका म्हटलं."

त्या वाफाळतं झाकण हातात धरून दारापाशी उभ्या राहिल्या. आत मशीन टिकटिकत होतं. मधेच थांबायचं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.