मृणालीचं हत्यार

धनेशचा हात मृणालीने मनगटाला धरून कीबोर्डवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

"विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अरे, मी फक्त बघत होतो," धनेश म्हणाला आणि मनोजकडे बघून हसला. हा ठाण्याहून आलेला, मनोजच्या मित्राचा मित्र. कुठल्याशा कंपनीत नेटवर्क सांभाळतो म्हणे, आणि गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा सुट्टीतही काढत नाही.

दापोडे गावातल्या मृणालीच्या घरच्या गोडाऊनच्या माथ्यावर ही खोली होती आणि खोलीवर टॉवर. त्या टॉवरवरून आसपासच्या गोडाऊनना बिनतारी ब्रॉडबँड जायचं. जागा भाऊंची, म्हणजे वडिलांची. धंदा थोरल्या भावाच्या, मनोजच्या नावावर. आणि खोलीतला सर्व्हर उभा केला होता मृणालीने, उन्हाळाभर पत्र्याच्या गरमीत बसून. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे तो ठरवायचा. काल दसऱ्याच्या सकाळपासून तो कोणालाच आत घेत नव्हता.

"हां सेठ, हो रहा है, बस थोडी देर," मनोज फोनवर एका गोडाऊनवाल्या ग्राहकाला कितव्यांदा तरी म्हणाला. फोन ठेवून बहिणीकडे वळला.

"दुपारच्या आत चालू झालं तर ठीक. नाहीतर आजपासून हे धनेश बघेल. तसं पण तू लग्न करून जाणारच. मागाहून मी कोणाच्या दारात जाऊ?"

हे चारचौघांत सांगायची गरज नव्हती. निदान या पट्टेवाल्यासमोर तर नव्हतीच. मृणालीने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"मॅडम, सोपा उपाय सांगू?" धनेश म्हणाला. "तपासणीच बंद करा. सगळ्यांना आत घ्या. मग निवांत बघू."

"आणि एन्क्रिप्शनची की?"

"मग की लागतच नाही."

तिचं टाळकं फिरलं. ग्राहकाकडच्या मोडेमच्या डब्यात एक सर्टिफिकेट, सर्व्हरमध्ये एक. दोघं आधी एकमेकांची खात्री करून घेतात, आणि मग आपापल्या जागी आकडेमोड करून एकच की काढतात. ती की हवेतून कधी जात नाही, त्यामुळे वाटेत कोणाला चोरताही येत नाही. तिच्यावरूनच सर्व्हर टॉवरला पुढची की काढून देतो, आणि त्या ग्राहकाचा शब्द न् शब्द कुलपात बंद होतो. हे सगळं जुळवताना मृणालीने किती वेळा डोकं आपटून घेतलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतो, कीच लागत नाही.

"छान. मग शेजारच्या गोडाऊनवाल्याला सेठचा माल कुठे चाललाय ते बसल्या जागी वाचता येईल," ती म्हणाली. "सांगतोस का, दादा, सेठला तसं? लाव फोन."

मनोजने फोन लावला नाही.

दारात त्यांची आई, राहीबाई, चहा घेऊन उभी होती. जिना चढून तिला धाप लागली होती. कप टेबलावर ठेवून ती खाली जायची, पण आज भिंतीला टेकून तिथेच थांबली.

"आई, तू जा ना खाली. इथे काय आहे तुझं?" मनोज म्हणाला.

"र्‍हाते जराशी," राहीबाई म्हणाली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं.

खिडकीतून खाली मनोजचे डंपर दिसत होते. बोनेटवरचे झेंडूचे हार सुकून लोंबत होते. परवा खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजली गेली, तेव्हा मृणाली इथे नव्हती. तिला अंबाडीला कमळाआत्याकडे धाडलं होतं, मुलाकडचे बघायला येणार होते म्हणून. मुलाच्या आईने विचारलं होतं, "कॉम्प्युटर येतो म्हंजे घरी बसून टायपिंग करशील ना?" काल संध्याकाळी ती परतली, तोवर इथे बोंबाबोंब झालेली. सर्व्हर मात्र जसाच्या तसा चालू होता. दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता, आणि तरी सगळं ठप्प.

खोलीत चाचणीसाठी ठेवलेला एक मोकळा डबा होता. तिने त्याच्यासाठी नवं सर्टिफिकेट काढलं, डब्यात घातलं आणि तो चालू केला. हिरवा दिवा लागला. सर्व्हरने त्याला मुकाट्याने आत घेतलं.

"बघा!" धनेश पुढे सरकला. "म्हणजे जुनी सगळी बाद झाली. एकेका गोडाऊनमध्ये जाऊन बदलावी लागतील. सिस्टिमच चुकीची बसवलीय."

"ऐकलंस?" मनोज म्हणाला.

मृणालीने जुनं आणि नवं सर्टिफिकेट स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडलं. जुनं लागू झालेलं जून २००८ पासून. नवं, आत्ता तिने स्वतःच्या हाताने काढलेलं, जानेवारी २००२ पासून.

तिने सर्व्हरला तारीख विचारली. त्याच्या लेखी २००२ साल चालू होतं. या जूनमध्ये काढलेली सर्टिफिकेटं त्याच्या दृष्टीने अजून लागूच झाली नव्हती, म्हणून तो सगळ्यांना दारातूनच परत पाठवत होता. घड्याळ थोडंफार चुकलं तर तो आपलं आपण जुळवून घ्यायचा. इतक्या वर्षांची चूक पाहून त्यानेही हात टेकले होते.

"हा बंद केला होता कोणीतरी," ती सावकाश म्हणाली. "जुना खोका, आतला सेल मेलेला. वीज तोडली की घड्याळ मागे जातं. म्हणून घसा फोडून सांगितलं होतं, याला कोणी हात लावायचा नाही. खोलीची चावी देवघरात ठेवून गेले होते मी. दादा, तू आला होतास वर?"

"माझा काय संबंध? मी डंपरच्या पूजेत होतो."

"मग काय भुताने बंद केला?"

"माझ्यावर आवाज चढवू नको. चालू कर आधी."

तिने तारीख बदलली, सर्व्हरचं काम नव्याने सुरू केलं. एकेक डबा आत येऊ लागला, एकेकाची की तयार होऊ लागली. थोड्या वेळाने सेठचा फोन आला. मनोज दोनदा शुक्रिया म्हणाला आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"झालं ना चालू," मृणाली म्हणाली.

"झालं. पण हे असं परत होणार," मनोज म्हणाला. "तू दोन दिवस गेलीस तर धंदा बसला. उद्या कायमची गेलीस तर? चावी धनेशला दे."

धनेशने चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मृणाली उठली. कोणाला तरी धरून बदडावं असं तिला वाटत होतं. काहीतरी करायचं म्हणून तिने मागची वायर बघायला सर्व्हरचा खोका भिंतीपासून ओढला. मागच्या बाजूला, बटणाच्या वर, हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. खाली दोन अक्षता आणि झेंडूची एक पाकळी.

"मीच बंद केला," भिंतीजवळून राहीबाई म्हणाली. "रातचे पूजा केली, दुसरे दिवशी परत बटन दाबला. दिवे लागले. मला वाटला, चालू झाला."

"आई!" मनोज म्हणाला.

"माजे म्हायेरी, कामतघरला, कापडाचा लूम थांबवल्याबिगर कुंकू लावत न्हाय. चालत्या हत्याराला पुजत न्हाय." ती मृणालीकडेच बघत होती. "खाली सगल्यांची हत्यारा मांडली. भाऊंचा कोयता मांडला, मनोजचे डंपर पुजले. तुजा कोनी मांडला नव्हता."

"मला विचारायचं तरी!" मृणाली ओरडली. "दोन दिवस मी शिव्या खाल्ल्यात!"

"कुठं होतीस तू इचारायला? तुला दाखवायला नेली होती."

मृणालीचा राग तसाच होता, पण तो आता आईवर ठरेना.

"बरं, कळलं," मनोज म्हणाला आणि बहिणीपुढे हात पसरला. "चावी."

"मनोज," राहीबाई म्हणाली, "भाऊंचा कोयता तू कोनाला देशील?"

"त्याचं इथे काय?"

"पुजलेला हत्यार ज्याचा त्याच्याकडं र्‍हातो. पाहुन्याला देत न्हाय."

मनोजने धनेशकडे पाहिलं, मग आईकडे. पुढे केलेला हात त्याने खिशात घातला. धनेश चहा पीत राहिला.

मृणालीने खोका परत सरकवला. सरकवताना तो फिरवला आणि कुंकवाची बाजू खोलीकडे केली.

"पुढच्या वर्षी याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता.

"मंग पूजा कशी करायची?"

"मला हाक मार. मी बंद करीन."