रिकामा डबा परत देऊ नये

मी डबा बोलतोय. पितळी आहे आणि झाकणासकट बोलतोय. काचेच्या कपाटात बसवल्यामुळे माझा आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पेणच्या एका तांबटाकडे झाला. ठोके खाऊन मोठा झालो याचं मला कौतुक नाही, आमच्यात सगळेच तसे होतात. रिबका नावाची मुलगी झिराडकरांकडे सून म्हणून आली, तिच्या माहेरच्या भांड्यांत मी होतो. माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव घातलं : सौ. रिबकाबाई मोझेस झीराडकर. त्यातला 'झि' ऱ्हस्व हवा होता. नाव घालणाऱ्याचा हात लांबला आणि मी जन्मभर दीर्घ राहिलो.

ही माणसं यहुदी. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. देव वेगळा, बाकी बोलणं, नेसणं, भांडणं सगळं मराठीत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोझेसना मैसूरच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी लागली आणि आम्ही लष्कर मोहल्ल्यात राहायला आलो. कानडी कुणालाच येत नव्हतं. मलाही नाही.

शेजारी मराठीच बोलणाऱ्या भवानीबाई राहायच्या. त्यांच्या घराण्यातले पुरुष एकेकाळी मैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. यजमान खंडोजीराव विजेच्या कचेरीत सायकलवर जात.

पहिल्याच शनिवारी भवानीबाईंनी पाहिलं, रिबकाबाईंची चूल पेटलेली नाही.

"मारुतीचा उपास काय गं, अक्का?"

"नाही गं, आमचा शब्बाथ असतो."

भवानीबाईंनी मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं की ह्या बाईंचा सब्बत मारुती फार कडक आहे, विस्तवसुद्धा लावू देत नाही. पुढे खरं काय ते कळलं. तरी एखाद्या शनिवारी त्या मारुतीचं फूल रिबकाबाईंच्या दारात ठेवून यायच्या. असू दे, म्हणायच्या, शेजारी शेजारी देवही राहतात.

दोघींची मैत्री माझ्यामार्फत झाली, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. रिबकाबाईंकडे काही चांगलं घडलं की मलिदा व्हायचा. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. त्यातला वाटा माझ्यात भरून भवानीबाईंकडे जायचा. आणि दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे दोन्ही घरांत आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. पण भवानीबाईंच्या घरी मटण शिजे, आणि रिबकाबाईंचे खाण्याचे नियम भलतेच. भवानीबाईंनी तोड काढली : शिजवायचंच नाही. संक्रांतीला मैसुरात घरोघर वाटतात ते एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळं, त्या वर्षभर घरात ठेवू लागल्या. मी जाताना गोड जायचो आणि येताना गोड यायचो. माणसांना हे साधायला फार त्रास पडतो असं मी पाहिलं आहे.

मग झिराडकरांचं इस्रायलला जायचं ठरलं. निघण्यापूर्वी मलिदा झाला. रिबकाबाई मला घेऊन स्वतः शेजारी आल्या.

"भवानी, येते हं."

"ये, अक्का. डबा असू दे माझ्याकडे. सुम्ने, रिकामा कसा देऊ? एळ्ळु-बेल्ल संपलंय, संक्रांती आली की भरून देते."

आता आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. कानडीतही नाही, 'होगी बर्तीनी' म्हणतात, जाऊन येते. रिबकाबाईंनी रीत पाळली. भवानीबाईंनी मात्र ते खरं धरलं. इस्रायल म्हणजे मुंबईच्या पुढे कुठेतरी असणार, नि जाऊन यायला फार तर महिना लागेल, असा त्यांचा हिशेब. त्या वहिनीच्या बाळंतपणाला पिरियापट्टणला गेल्या. परत येऊन पाहतात तर शेजारी अजून कुलूपच.

तेव्हापासून दर संक्रांतीला मला चिंचेने घासायचं, एळ्ळु-बेल्ल भरायचं आणि खिडकीत ठेवायचं असा नेम झाला. महिनाभर वाट पाहून ते मुलांना वाटायचं. घरचं काही माझ्यात कधी ठेवलं नाही. सून जयलक्ष्मी एकदा मोहरी ओतायला निघाली, तेव्हा भवानीबाई एवढ्या ओरडल्या की मोहरी स्वयंपाकघरभर झाली.

"दुसऱ्याचा डबा तो! अक्काला काय सांगू, मोहरी दिली म्हणून?"

अशी पन्नासेक वर्षं गेली. खंडोजीराव गेले. मुलगा मनोहरराव बँकेतून निवृत्त झाला आणि निवृत्त माणसांप्रमाणे घर आवरू लागला. गोकुलममध्ये एका यहुदी डॉक्टरांनी आपल्या बंगल्यात संग्रहालय काढल्याचं त्याने वाचलं होतं. माझ्यावरचं नाव पाहून तो मला तिथे देऊन आला. स्वच्छ, कोरडा आणि रिकामा. चिठ्ठी लागली : पितळी डबा, कोकणी यहुदी कुटुंबाचा, रिकामा, नाव अशुद्ध. चारांतली शेवटची दोन मला लागली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भवानीबाईंनी मला शोधलं. पुढचं मला नंतर कळलं.

"रिकामा दिलास?"

"आई, म्युझियमात रिकामाच लागतो."

"तुला रिकामा लागत असेल. अक्काला काय वाटेल?" म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन त्या इथे आल्या, मनोहरराव मागे. इथे योगासनं शिकणारे परदेशी पाहुणे बूट घालून फिरतात. भवानीबाईंनी चपला दाराशी काढल्या. घाण्याची प्रतिकृती पाहिली, शब्बाथचा दिवा पाहिला, "तेल कोण घालतं?" असं विचारलं. मग स्मृतीची खोली आली, माझं कपाट तिथेच आहे. तिथे भिंतभर फोटो आहेत आणि खाली ताटात गोटे. गेलेल्या माणसाच्या आठवणीला एक गोटा ठेवायचा, अशी यहुद्यांची रीत.

भिंतीवर, इस्रायलहून आलेल्या एका फोटोत, पांढऱ्या केसांच्या रिबकाबाई होत्या. संग्रहालय सांभाळणाऱ्या कमलाक्षी, निवृत्त शिक्षिका, घरी मराठीच बोलणाऱ्या, त्यांनी हळूच सांगितलं, "अज्जी, ह्या तिकडेच वारल्या. वीस वर्षं झाली असतील."

भवानीबाईंनी जवळ जाऊन फोटोतला चेहरा पाहिला. मग एकदम रडल्या, लहान मुलीसारख्या, तोंडावर पदरसुद्धा न घेता.

"येते म्हणाली होती गं, कणम्मा."

"अज्जी, जाते असं कोण म्हणतं?"

कमलाक्षींनी गोट्यांचं ताट पुढे केलं. भवानीबाईंनी डोळे पुसून ताटाकडे पाहिलं.

"दगड? अक्काला मी दगड देऊ?"

पिशवीतून एळ्ळु-बेल्ल निघालं. कमलाक्षी म्हणाल्या, आत खाण्याचं चालत नाही, मुंग्या येतात, डॉक्टरांचा नियम आहे. भवानीबाई म्हणाल्या, नियम तर अक्काचेही होते, म्हणून तर कोरडं आणलंय. मग कमलाक्षींनी माझ्याकडे पाहिलं. त्याही शेवटी कापड रंगवणाऱ्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातल्या, त्यांच्याही आईने कुणाचं भांडं रिकामं दिलं नसणार. त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

मी भरलो. झाकण घट्ट बसलं, कारण पेणचं काम आहे. कमलाक्षींनी चिठ्ठीवरचा 'रिकामा' खोडून वर 'भरलेला' लिहिलं. 'अशुद्ध' तसंच राहिलं, ते खरंच आहे.

निघताना भवानीबाईंनी काचेवर हात ठेवला. "येते हं, अक्का."

मग त्या दर संक्रांतीला आल्या. जुनं काढायचं, नवं भरायचं. मुंग्या कधी आल्या नाहीत. एकदा मुंगळा आला, पण तो मुख्य दाराने आला आणि घाणा पाहून परत गेला.

यंदा मनोहरराव एकटे आले. हातात तीच पिशवी. कमलाक्षींनी विचारलं, "अज्जी?" तर त्यांनी पिशवी पुढे केली. 'गेली' म्हणायला जीभ उचलेना. कमलाक्षींनी गोट्यांच्या ताटाकडे पाहिलं, मग कपाट उघडलं. गुळाचे खडे मनोहररावांना आईइतके बारीक जमले नव्हते. तरी मला रिकामा देणारा हाच, आणि भरणाराही हाच, तेव्हा माझी तक्रार नाही.

तुम्ही मैसूरला आलात तर मला पाहायला या. झाकण उघडायला मात्र सांगू नका, आतलं दुसऱ्याचं आहे. आणि शेजारचं एखादं भांडं तुमच्या घरी राहिलं असेल तर आजच बघा. चिमूटभर साखर घातली तरी चालतं.

मनोहररावांनी झाकण लावलं, काच बंद करू दिली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. मग पुन्हा चपला काढून आत आले.

"येतो हं," म्हणाले.