सहाव्या मजल्यावरच्या सोळा खोल्या

लुझविमिंदा हे नाव छातीवरच्या बिल्ल्यावर मावत नसे, म्हणून बोटीवर सगळे तिला लुझ म्हणत. सहाव्या मजल्यावरच्या सोळा खोल्या तिच्याकडे होत्या. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. फ्लोरिडाहून निघायचं, बारा दिवस बेटांमागून बेटं घ्यायची आणि परत फ्लोरिडाला यायचं. प्रवासी उतरले की चार तासांत चादरी बदलायच्या आणि नव्या प्रवाशांना हसून नमस्कार करायचा.

त्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी पहाटे तिला ओकारीच्या आवाजाने जाग आली. पाण्याच्या पातळीखालच्या त्या दोघींच्या खोलीत एकावर एक दोन बिछाने होते आणि कोपऱ्यात मोरी, तीही कपाटाएवढी. खालच्या बिछान्यावरची रोवेना तिथे गुडघे टेकून बसली होती. दोघीही दूर, दुसऱ्या महासागरातल्या गिमारास बेटावरच्या. रोवेना वयाने बारा वर्षांनी लहान, म्हणून लुझला मानांग म्हणायची, थोरली बहीण या अर्थाने. ती वरच्या भोजनगृहात सकाळी अंड्यांच्या कट्ट्यावर, प्रवाशांना आम्लेट करून द्यायला, उभी असे.

काल रात्रीचा सुका मासा बाधला, असं रोवेनाने सांगितलं. तो मासा लुझनेही खाल्ला होता आणि तिला काही झालं नव्हतं.

नियम लहान मुलालाही पाठ होईल इतका सोपा होता. एकदा जरी उलटी झाली तरी दवाखान्यात कळवायचं, आणि मग त्रास थांबल्यापासून दोन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. रोवेनाचा करार या फेरीअखेर संपत होता. तिच्या मुलीचा शाळेचा शेवटचा समारंभ होता, आणि त्यात मुलीच्या गळ्यात पदक घालायला आईने मंचावर जायचं असतं. आधीच्या दोन्ही समारंभांना रोवेनाच्या जागी मुलीची आत्या गेली होती. एकदा आजाऱ्यांच्या यादीत नाव गेलं की डॉक्टरची सही होईपर्यंत उतरू देत नाहीत, विमान चुकतं, असं खालच्या मजल्यावर सगळे म्हणायचे. ते खरं होतं की नाही, हे कुणी विचारायला गेलं नव्हतं.

"मानांग, एकदाच झाली. आता बरं वाटतंय," रोवेना म्हणाली. "तू काही बोलू नकोस."

लुझ काही बोलली नाही. तिने मोरी घासून काढली, हात धुतले आणि कामाला गेली. रोवेनाही गणवेश चढवून अंड्यांच्या कट्ट्यावर उभी राहिली.

चौथ्या दिवशी अकरा प्रवासी आजारी पडले. पाचव्या दिवशी साठ झाले आणि सहाव्या दिवशी दीडशेच्या वर गेले. कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून शांत आवाजात सांगितलं, की पोटाचा एक किरकोळ विकार काही प्रवाशांना झालेला आहे, तरी हात वरचेवर धुवावेत. त्याच दिवशी टेबलांवरची मिठाची भांडी उचलली गेली, ग्रंथालयाला कुलूप लागलं, पत्त्यांचे जोड गोळा झाले. जेवण स्वतः वाढून घ्यायचं बंद झालं, चमचा नोकरांच्या हाती आला. लिफ्टची बटणं तासातासाला पुसली जाऊ लागली.

लुझच्या सोळांपैकी नऊ दारं बंद झाली. पिवळा झगा, तोंडाला पट्टी, दुहेरी हातमोजे असा सगळा जामानिमा करून ती आत शिरायची. औषध फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, जे जे कापडाचं असेल ते लाल पिशवीत भरून तोंड बांधायचं. पुढची खोली. या कामाच्या पहिल्या दिवशी वासाने तिचे डोळे झोंबले होते. तिसऱ्या दिवशी वास येईनासा झाला. औषधाचा नाही आणि दुसराही नाही. जेवताना आमटीचाही येत नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. पोट भरायचं म्हणून ती भात गिळायची.

सहाव्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत टॉलिव्हर नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटेच होते. उभं आयुष्य ओहायोतल्या कुठल्याशा गावात टपाल वाटण्यात गेलेलं. रोज संध्याकाळी लुझ टॉवेलाच्या घड्या घालून पलंगावर एखादं जनावर करून ठेवायची, तशी ती सगळ्याच खोल्यांत ठेवायची. लोक ते उलगडून अंग पुसत. टॉलिव्हर मात्र एकही मोडू देत नसत. आरशाखालच्या फळीवर त्यांनी हत्ती, माकड, ससा आणि मानेत वाकडा झालेला हंस ओळीने मांडून ठेवले होते. रोज सकाळी ते वर जाऊन दोन अंड्यांचं आम्लेट खात आणि खाली आल्यावर लुझला सांगत, की अंड्यांवरची ती मुलगी फार हसरी आहे.

सातव्या दिवशी वरून हुकूम आला, की खोल्यांतले जादा टॉवेल झाडून सगळे गोळा करा. लुझ लाल पिशवी घेऊन गेली तेव्हा टॉलिव्हर खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. सकाळपासून चार वेळा जावं लागलं, असं ते म्हणाले. लुझने फोन करून त्यांचं नाव यादीत घातलं आणि मग ती फळीकडे वळली.

"एक ठेवतेस का? ससा," ते म्हणाले.

"नाही ठेवता येणार, सर."

"बरं," ते म्हणाले.

तिने एकेक जनावर उचलून पिशवीत टाकलं. टाकताना सशाचे कान सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळांचा रस आणि खारी बिस्किटं दारात ठेवायला गेली. दार वाजवलं, उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग स्वतःच्या किल्लीने उघडलं. टॉलिव्हर मोरीत जमिनीवर पडले होते, डोकं उंबऱ्याबाहेर. डोळे उघडे होते. ओठ कागदासारखे सुकले होते.

दवाखान्याच्या फोनवर सांगितलं गेलं, की माणसं कमी आहेत, येतो, तोवर हलवू नका. लुझ खाली बसली. त्यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या झाकणातून थेंब थेंब पाणी ओठांना लावलं. असं करायचं की नाही, हे नियमांत होतं. काय होतं, ते मात्र तिला त्या वेळी आठवेना.

"बोट चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, सर."

"कळत नाही."

"समुद्र शांत आहे आज."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने ते कुठल्याशा कुत्र्याबद्दल बोलू लागले. एका फाटकापाशी तो रोज भुंकायचा, आणि एके दिवशी भुंकला नाही. मग काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही. माणसं आली तोवर चाळीस मिनिटं गेली होती. स्ट्रेचर गेल्यावर ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने औषध फवारलं आणि दहा मिनिटं थांबली.

नवव्या दिवशी दुपारी तिचा वरिष्ठ एफ्रेन तिला बोळात गाठून म्हणाला, की टोकाची खोली आवरायची आहे, सामानाची यादी करायची आहे, दोघांच्या सह्या लागतील. म्हातारा सकाळी गेला. आधीच हृदय कमजोर, त्यात अंगातलं पाणी गेलं.

लुझने मान डोलावली. दोघांनी मिळून सामान भरलं. ती एकेक वस्तू उचलून सांगत होती, तो लिहीत होता. चार सदरे. दाढीचं सामान. चष्मा, एक. औषधांची डबी, सोमवार ते रविवार, बुधवारपर्यंत रिकामी. मध्येच एफ्रेन लिहायचा थांबला. तिच्याकडे पाहत त्याने विचारलं, की तुला थोडं बसायचंय का? नको, ती म्हणाली. त्याला वाटलं, बाई फार धीराची आहे. पण तिच्यात धीर वगैरे काही नव्हता. आतून सगळं कापसासारखं झालं होतं. कुणी टाचणी टोचली असती तरी तिला कळलं नसतं.

आपण त्या पहाटे बोललो असतो तर, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. दुपारी आला, संध्याकाळी आला, जेवताना आला. भिंतीवर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी वाचावी तसा तिने तो प्रत्येक वेळी वाचला आणि ती पुढे गेली.

दहाव्या दिवशी सकाळी कामावर असतानाच तिच्या पोटात ढवळलं. बादली जवळच होती. उलटी झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि सरळ फोन उचलून स्वतःचं नाव सांगितलं.

खाली जागा नव्हती, म्हणून आजारी नोकरांना रिकाम्या झालेल्या प्रवासी खोल्यांत ठेवत होते. लुझला पाचव्या मजल्यावरची एक खोली मिळाली, खिडकी असलेली. अकरा वर्षांत समुद्र दिसेल अशा खोलीत ती कधी झोपली नव्हती. झोपली, उठली, ओकली, पुन्हा झोपली. समुद्र दिसत होता, पण तिने त्याच्याकडे पाठ केली, कारण उजेडाचा त्रास होत होता.

संध्याकाळी सिस्टर नोम्सा तपासायला आली. दक्षिण आफ्रिकेची ही बाई पन्नाशीची होती आणि आठ दिवस धड झोपलेली नव्हती. त्रास कधी सुरू झाला, असं तिने विचारलं. लुझने वेळ सांगितली, आणि मग त्याच सुरात पुढचंही सांगून टाकलं. तिसऱ्या दिवसाची पहाट, मोरी, रोवेना, अंड्यांचा कट्टा, टॉलिव्हरांचं रोजचं आम्लेट. काही वगळलं नाही.

नोम्सा पलंगाच्या कडेवर बसली. तिने पेन खिशाला लावलं.

"चौथ्या मजल्यावरचं एक कुटुंब बोटीत चढतानाच आजारी होतं," ती म्हणाली. "चढताना कागद भरून देतात ना, त्यावर 'काही त्रास नाही' असं त्यांनी लिहिलं. पहिल्या रात्री सगळ्यांबरोबर जेवले. तुझ्या मैत्रिणीला बहुतेक तिथूनच लागलं."

"मग टॉलिव्हरना कुणाकडून लागलं?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"तिच्याकडून लागलं असेल ना?"

"असेल. नसेलही. लुझ, माझ्याकडे दोनशे दहा माणसं आहेत. पाणी पी."

ती उठून गेली. शिक्षा नाही, माफीही नाही. लुझ रडू येईल म्हणून वाट बघत पडली. एखादी शिंक येता येता राहते, तसं झालं. ती पाणी प्यायली.

बाराव्या दिवशी बोट फ्लोरिडाला लागली. लुझचे दोन दिवस अजून भरायचे होते. सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर रोवेना होती. दार उघडायची परवानगी नव्हती, म्हणून ती दाराला तोंड लावून बोलत होती. सामान बांधलं, दुपारचं विमान आहे, मानांग, तुझ्या घरी काही द्यायचं असेल तर सांग, असं ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला.

"तू कुणाला बोलली नाहीस ना?"

लुझ दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. "बोलले. सिस्टरला सांगितलं."

बाहेर एक बॅग चाकांवरून घरंगळत गेली, ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

"मग?" रोवेनाने विचारलं.

"मग काही नाही. तिने लिहूनसुद्धा घेतलं नाही."

"मानांग, तो म्हातारा... तो रोज माझ्याच कट्ट्यावर यायचा. दोन अंडी, कांदा नको."

"माहीत आहे."

"मी जाऊ का?" रोवेनाने विचारलं. ती रडत होती हे आवाजावरून कळत होतं. आपल्याला ते ऐकू येतंय आणि तरी आपल्या आत काही हलत नाही, हे लुझला जाणवलं. पण आपण काय बोलायला हवं, हे तिला माहीत होतं. थोरल्या बहिणीने धाकटीला, इंदायला, जे बोलायचं असतं, ते.

"जा, इंदाय. पदक नीट घाल तिच्या गळ्यात. विमानात हात धुऊन जेव."

पावलं लांब गेली. खाली धक्क्यावर गणवेशातले तपासनीस बोटीत चढत होते, आणि त्यांच्यामागे नव्या फेरीचे प्रवासी टोप्या घालून उन्हात रांगेत उभे होते. त्यांना चार तास थांबवून ठेवलं होतं.

दुपारी एफ्रेनने ताट दाराशी ठेवून हाक मारली. आजपासून जड खायला हरकत नाही, काय पाठवू, असं विचारलं. लुझ विचार करत राहिली. कशाचीच इच्छा होत नव्हती, पण तो माणूस बोळात ताटकळत उभा होता.

"भात," ती म्हणाली. "नुसता. वर थोडं मीठ."