आमच्या गावाले

मिनलला संशयाची खोड लहानपणापासूनच. नागपुरात नंदनवन भागातल्या त्यांच्या घरी दूध आलं की आधी ती बोट बुडवून बघणार, आणि पाहुणा 'सहज आलो' म्हणाला की हा कशासाठी आला असेल याचा मनात छडा लावत बसणार. पुढे विद्यापीठात तिने इतिहास आणि सामाजिक मानवशास्त्र हे दोन विषय एकत्र घेतले आणि या खोडीला आयतं खतपाणी मिळालं. इतिहासाचे वसंत सर सांगायचे, माणूस खोटं बोलतो, कागद बघ. मानवशास्त्राच्या प्रमोदिनी मॅडम सांगायच्या, कागदही माणसानेच लिहिलेला असतो, म्हणून माणसाला विचार. दोघांचं ऐकलं तर जगात कोणावरच विश्वास ठेवायला नको, आणि मिनल तर दोघांचंही मन लावून ऐकायची.

"दोन्ही विषय मिळून एक तरी नोकरी लागते का वं?" तिचे बाबा विचारायचे. ते जिल्हा कचेरीत कारकून. त्यांना उत्तर द्यायचं तर प्रबंध चांगला व्हायला हवा होता. चांगला प्रबंध, मग मॅडमची शिफारस, मग संशोधनाची जागा. दोन वर्षं तिने याच एका आशेवर काढली होती.

प्रमोदिनी मॅडम मूळच्या कराडकडच्या. धंतोलीत संसार थाटून त्यांचे केस पिकले, पण 'आमच्याकडे' म्हणायची सवय गेली नाही. कँटीनमध्ये पोह्यांवर झणझणीत तर्री ओतलेली दिसली की म्हणायच्या, "आमच्याकडे पोह्यांचे असे हाल करत नाहीत." पोरं मुद्दाम विचारायची, "तुमच्याकडे म्हणजे धंतोलीत का मॅडम?" त्याही हसायच्या. मिनलचा या बाईंवर फार जीव. जगात संशयातून सुटलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे मॅडम.

तर या मॅडम लग्नाआधी, ऐन तरुणपणी, संशोधनासाठी काटोलजवळच्या तिवसखेडी गावात येऊन राहिल्या होत्या. तिथे त्यांना एक गोष्ट मिळाली. तीन उपाशी भाऊ एक बैलगाडी घेऊन निघाले. नदीच्या वळणावर बैल पाणी प्यायला उतरला, पोटभर प्यायला आणि वाळूत बसला, तो उठेचना. मारून बघितलं, चुचकारून बघितलं. शेवटी थोरला म्हणाला, याला इथं राहायचं आहे, तर आपणही राहू. गाव बसलं ते असं. मॅडमचा त्यावरचा लेख रविवारच्या पुरवणीत आला, मग पुस्तकात आला, मग अभ्यासक्रमात. मॅडमचं नाव झालं ते त्या बैलामुळेच म्हणा ना.

मिनलने प्रबंधाला तेच गाव घेतलं. तिवसखेडीत पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी वामनरावांची जाते, कारण ते थोरल्या भावाच्या थोरल्या शाखेचे वंशज. गोष्ट इतिहासाची, मान मानवशास्त्राचा. विषय कसा, मापात शिवलेल्या कपड्यासारखा बसला. आणि मॅडम काय म्हणाल्या? "दुसरं गाव घे. तिथे आता काही उरलं नाही."

झालं. मिनलच्या मनात पाल चुकचुकली. ज्या गावाने नाव दिलं, तिथे पोरीला जाऊ द्यायचं नाही, हे काय गौडबंगाल? तिने हट्टाने तेच गाव धरलं.

वसंत सरांनी जुना नकाशा टेबलावर पसरला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "यात नदी कुठाय?"

मिनलने बघितलं. गाव होतं, विहिरी होत्या, एक ओढा होता, तोही पावसाळ्यापुरता. नदी नव्हती.

"बैलानं कुठलं पाणी पिलं मग?" सर म्हणाले. "बघ बाई. काहीतरी गडबड आहे."

काटोलहून पुढे दुसरी बस पकडून ती तिवसखेडीला गेली. वामनराव ओसरीतच होते. साठीला टेकलेले, मिशा करड्या, मागे भिंतीवर मॅडमच्या लेखाचं कात्रण प्लास्टिकमध्ये मढवलेलं. त्यांनी मिनलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जमिनीचं त नाही ना काही? भाऊबंदांनी धाडलं का तुले?"

"नाही काका. गोष्ट ऐकायला आले. बैलाची."

मग ते खुलले. घसा खाकरून त्यांनी गोष्ट सांगितली, आणि ऐकता ऐकता मिनलच्या कपाळावर आठी चढली. हा माणूस कात्रणच म्हणत होता, शब्द न् शब्द. 'क्षुधेने व्याकुळ झालेले तीन बंधू.' आता तिवसखेडीत क्षुधेने कोण व्याकुळ होतं हो? इथे लोकांना भूक लागते.

"काका, नदी कुठे आहे?"

"पह्यले असन. आटली." वामनराव तुटकपणे म्हणाले. "तू परीक्षा घेऊन राहिली का माही?"

निघताना पलीकडच्या घरातल्या गणपतरावांनी तिला हाक मारली. ते वामनरावांचे चुलतभाऊ, पोळ्याच्या मानावरून दोघांत बोलणं बंद. "त्यानं सांगतली नं गोष्ट?" ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यानं नाही ऐकली कधी. पह्यले आम्ही पोळ्याले चिठ्ठ्या टाकत होतो. ज्याचं नाव निघन त्याची जोडी पुढं. त्या बाईनं पेपरात लिहून देल्लं अन् मान गेला वामन्याच्या घरात."

परतीच्या बसमध्ये मिनलच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. मॅडमने गोष्ट मनाने रचली, दुसरं काय? नसलेली नदी आणली, नसलेला बैल बसवला. आणि गोष्टच खोटी तर मिनलचा प्रबंध कशावर उभा राहणार? दोन वर्षं पाण्यात. पण खरं सांगायचं तर प्रबंधापेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. जगात एका माणसावर विश्वास टाकला, तेही माणूस असं निघावं याचं तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना आडून विचारलं, "ती गोष्ट तुम्हाला वामनरावांनीच सांगितली होती ना?"

मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांच्या घरात ऐकली."

वामनरावांनी सांगितली असं नाही. त्यांच्या घरात ऐकली. मिनलने तो शब्द मनात नीट गाठ मारून ठेवला.

पुन्हा गेली तेव्हा वामनराव संत्री घेऊन काटोलच्या बाजारात गेले होते. घरी त्यांची बायको, प्रेमिलाकाकू. पहिल्या खेपेला त्यांनी नुसता चहा आणून ठेवला होता आणि पदर सावरत आत गेल्या होत्या. आज त्या चुलीपुढे पाटवड्यांचा रस्सा करत होत्या. मिनल आत जाऊन पाटावर बसली. एकटीच बाई घरात सापडली आहे, हिच्याकडून काढून घ्यायचं, असा तिचा सरळसरळ डाव होता. काकूंना बोलायला मात्र डावाची गरज नव्हती. त्यांना कोणी विचारतच नव्हतं, एवढंच.

"इथं रस्सा लय जाळ करतात," काकू म्हणाल्या. "आमच्या गावाले असा नाही करत. अन् उन्हाळ्यात त आमच्या गावाले जेवनाचीबी गरज नाही पडत. नदीच्या रेतीत डांगराच्या अन् टरबुजाच्या वाड्या राहत. फोडून खायचं तिथंच."

मिनलने कान टवकारले. "कुठे आहे नदी?"

"इथं नाही वं. आमच्या गावाले."

मिनलच्या डोळ्यांपुढे एकदम विद्यापीठाचं कँटीन आलं. पोह्यांवरची तर्री आली. 'आमच्याकडे पोह्यांचे असे हाल करत नाहीत.'

"काकू," तिने हळू विचारलं, "ती बैलाची गोष्ट मॅडमना कोणी सांगितली?"

काकूंनी रस्सा ढवळला, झाकण ठेवलं. "मीच. हे शेतात होते. ती पोरगी आली, माह्याच वयाची असन. म्हने, तुमचं गाव कसं वसलं ते सांगा. माहं लगन होऊन एकच पोळा झालता. माहं गाव कोनतं विचारलं त मी कोनतं सांगनार? बापाचंच सांगतलं. आंजणझरी."

तीस वर्षं विद्यापीठात शिकवलेल्या गोष्टीची गंमत एवढीच होती. नवी नवरी 'आमचं गाव' म्हणते तेव्हा तिला कोणतं गाव म्हणायचं असतं, हे एका बिनलग्नाच्या पोरीला कळलं नव्हतं. ना कोणी गोष्ट रचली होती, ना कोणी लबाडी केली होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

काकू काही बोलणार तोच ओसरीत वहाणांचा आवाज आला. वामनराव दारात उभे राहिले, एकदा बायकोकडे बघत, एकदा मिनलकडे. "काय चालू आहे?"

"रस्स्याचं सांगून राहिली तिले," काकू म्हणाल्या. वामनरावांना ते पटलेलं काही दिसलं नाही.

नागपूरला उतरल्यावर मिनल घरी गेलीच नाही, थेट विभागात गेली. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. तिने पर्सही खाली न ठेवता सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, मॅडम चकित होतील. नाही झाल्या. दार लोटून परत खुर्चीत बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं," मिनल म्हणाली.

"लेख आला तेव्हा नव्हतं. लग्न होऊन इथे आले, पहिल्या दिवाळीत सासूबाईंना म्हणाले, आमच्या गावाला असं करत नाहीत. त्या म्हणाल्या, आता हेच तुझं गाव. त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रेमिलाचा चेहरा दिसत होता सारखा." मॅडमनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "पुढच्याच वर्षी त्या लेखावर नोकरी लागली. मग दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी दुरुस्ती करू."

मिनलला राग आवरेना. "म्हणून मला दुसरं गाव घे म्हणालात."

"हो. घाबरले होते." मॅडमनी तिच्याकडे सरळ बघितलं. "प्रबंधात लिही. चूक माझी आहे, माझं नाव घालून लिही. वसंत सर तर खूष होतील, त्यांची नदी सापडली."

मिनलला हसू आलं नाही. "आधी काकूंना विचारायला हवं. त्यांची गोष्ट आहे. आणि ते तुम्ही विचारा."

रविवारी दोघी तिवसखेडीला गेल्या. वामनरावांनी मॅडमना ओळखलं, खुर्ची पुसून दिली, कात्रण दाखवलं. पण मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत. आतून प्रेमिलाकाकूंना हाक मारली आणि त्यांच्याशेजारी ओसरीच्या सतरंजीवर बसल्या. दोघींचेही केस आता पांढरे झाले होते.

"प्रेमिलाताई, तेव्हा एक विचारायचं राहिलं. ती गोष्ट कोणत्या गावाची?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मिनलला वाटलं, आता या पुन्हा रस्स्याचंच काही सांगणार.

"आंजणझरीची," काकू म्हणाल्या. "माह्या गावाची."

वामनराव आधी समजलेच नाहीत. मग समजले तसे कात्रणाकडे बघत राहिले. "म्हंजे आपल्या इथं बैल बसलाच नाही?"

"बसला नं. आमच्या गावाले."

"अन् तू इतके वर्षं मले काहून नाही सांगतलं?" त्यांचा आवाज चढला. "साऱ्या गावात मी मिरवलो. गणप्याचं तोंड बंद केलं. अन् तुले माहीत होतं?"

"सांगनार होती, अजी. लेख आला तवाच सांगनार होती. तुम्ही इतके खूश होते, म्हटलं दोन दिसांनं सांगू. मंग धरनाचं पानी आलं अन् आंजणझरी बुडाली. देऊळ गेलं, रेती गेली, बापाचं घर गेलं. लोक कुठं कुठं पांगले." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "त्या वर्षी पोळ्याले तुम्ही फेटा बांधून तोरनाखाली उभे राहिले अन् साऱ्यांसमोर माह्या गावाची गोष्ट सांगतली. आपलं गाव म्हनून. मी दारातून ऐकली. मंग दर वर्षी ऐकत होती. मी बोलली असती त तुम्ही सांगनं बंद केलं असतं."

मिनलने वही काढली होती, ती तिने परत पिशवीत टाकली. इतके दिवस ती या घरात खोटं शोधत होती, आणि आता तिला स्वतःची लाज वाटत होती. मॅडमनी काकूंचा हात धरला होता. मॅडम रडत होत्या आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

वामनराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग उठले. आता कात्रण काढतात की काय, असं मिनलला वाटलं. ते त्याच्यापुढे उभे राहून काहीतरी शोधत होते.

"याच्यात थोरल्या भावाचं नावच नाही," ते म्हणाले. "काय होतं?"

"धोंडबा," काकू म्हणाल्या. "माह्या बापाले त्याचंच नाव ठेवलं होतं."

"धोंडबा," वामनराव म्हणाले. मग पोळ्याला सांगताना चुकू नये म्हणून त्यांनी ते आंजणझरीच्या नावासकट पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.